'गोरा ग्रामीण मतदार' : एका सामान्यनामाची चिकित्सा

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ग्रामीण गोऱ्या मतदारांची राजकीय वृत्ती नेमकी कोणती, या प्रश्नावर तेथील अभ्यासकांनी गेल्या वीस वर्षांत विपुल लेखन केले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत टॉम शॅलर व पॉल वॉल्डमन यांचा 'व्हाइट रूरल रेज' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या लेखनाला उघड वादाचे स्वरूप आले. शॅलर हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक, तर वॉल्डमन हे पत्रकार. ग्रामीण गोरा समाज हा अमेरिकेच्या लोकशाहीला असलेला एक मोठा धोका आहे, अशी त्यांची प्रतिज्ञा. ज्यांच्या संशोधनाचा त्यांनी आधार घेतला होता त्यांपैकी काही अभ्यासकांनीच या प्रतिज्ञेला हरकत घेतली. लेखकद्वयाने तिला जाहीर उत्तरही दिले.

वरवर पाहता हा वाद राज्यशास्त्राचा आहे व आकडेवारीने त्याचा निकाल लागावा, असे कोणासही वाटेल. परंतु दोन्ही बाजूंचे लेखन शेजारी ठेवून वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते. निवडणुकांच्या आकड्यांविषयी दोन्ही पक्षांत मतभेद फारसा नाही. मतभेद आहे तो त्या आकड्यांवरून कोणत्या प्रकारचे वाक्य रचता येते याविषयी. एखाद्या स्थळाविषयीचे विधान व्यक्तींविषयीचे केव्हा होते, काहींविषयीचे विधान सर्वांविषयीचे केव्हा होते, आणि एका भावनेला कोणते नाव दिले असता तिच्यातील तक्रार ऐकली जाते व कोणते दिले असता ऐकली जात नाही, हे ते प्रश्न होत. हे प्रश्न अर्थविचाराचे आहेत. भाषेच्या अभ्यासकाने या वादात लक्ष घालण्याचे प्रयोजन एवढेच.

२

वादाची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. थॉमस फ्रँक यांचा 'व्हॉट्स द मॅटर विथ कॅन्सस?' हा ग्रंथ २००४ साली निघाला. सामान्य उत्पन्नाचे लोक गर्भपातासारख्या सांस्कृतिक प्रश्नांवर भुलून स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध मत देतात, हे त्याचे सूत्र. ग्रंथाचे नाव त्यांनी एका जुन्या अग्रलेखावरून घेतले. १८९६ च्या ऑगस्टमध्ये विल्यम ॲलन व्हाइट या रिपब्लिकन संपादकाने 'एम्पोरिया गॅझेट' या पत्रात नेमक्या याच मथळ्याचा लेख लिहून कॅन्ससमधील लोकपक्षाच्या बंडखोर शेतकऱ्यांची खिल्ली उडवली होती. ते शेतकरी रेल्वे कंपन्या व सावकारी भांडवल यांच्या विरोधात उभे राहिले होते. म्हणजे १८९६ मध्ये शेतकरी डावीकडे झुकला म्हणून उजव्या संपादकाने जो प्रश्न विचारला, तोच २००४ मध्ये शेतकरी उजवीकडे झुकला म्हणून डाव्या लेखकाने विचारला.

राजकारण उलटले, पण वाक्याचे गृहीतक बदलले नाही. 'काय बिघडले आहे?' या प्रश्नात काहीतरी बिघडलेले आहे हे आधीच मान्य करून घेतलेले असते. 'बिघडले आहे काय?' हा प्रश्न त्याहून सर्वस्वी वेगळा. शब्द तेच असूनही पहिल्या वाक्यात जे गृहीत आहे तेच दुसऱ्यात विचारले जाते. लॅरी बार्टल्स यांनी २००६ साली फ्रँक यांना दिलेले उत्तर एका अर्थी या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते. महाविद्यालयीन पदवी नसलेल्या गोऱ्या मतदारांतील डेमोक्रॅटिक पक्षाची पीछेहाट ही जवळजवळ सर्वस्वी दक्षिणेकडील राज्यांतील आहे, असे त्यांनी पन्नास वर्षांच्या मतदानाच्या आधारे दाखवले. बार्टल्स यांचा निष्कर्ष पुढील काळास जसाच्या तसा लागू पडत नाही. तथापि त्यांनी घालून दिलेली शिस्त महत्त्वाची आहे : कारण शोधण्यापूर्वी कार्य घडले आहे काय, कोठे व कोणाच्या बाबतीत, हे पाहावे.

२०१६ नंतर कार्य घडले आहे याबद्दल संशय उरला नाही. प्यू संशोधन केंद्राने मतदान केल्याची नोंद पडताळून घेतलेल्या मतदारांच्या ज्या पाहण्या केल्या, त्यांनुसार ग्रामीण मतदारांपैकी डॉनल्ड ट्रम्प यांना २०१६ साली ५९ टक्के, २०२० साली ६५ टक्के व २०२४ साली ६९ टक्के मते मिळाली. हा कल ठळक आहे व तो कोणी नाकारीत नाही. मात्र त्याच २०२४ साली दहांतील जवळजवळ तीन ग्रामीण मतदारांनी कमला हॅरिस यांना मत दिले, हेही त्याच पाहणीचे फलित आहे.

३

या कलाचा अर्थ लावण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत कॅथरिन क्रेमर यांचा 'द पॉलिटिक्स ऑफ रिझेंटमेंट' (२०१६) हा ग्रंथ आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. क्रेमर विस्कॉन्सिन विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवतात. २००७ पासून सुमारे पाच वर्षे त्या विस्कॉन्सिन राज्यातील गावोगावी, पेट्रोलपंपावर वा उपाहारगृहात सकाळी जमणाऱ्या मंडळींत जाऊन बसल्या. प्रश्नावली पुढे न करता त्यांनी लोकांचे आपसातील बोलणे ऐकले. त्या बोलण्यात त्यांना तीन सूत्रे सापडली : निर्णय घेणारे आमची दखल घेत नाहीत, सरकारी पैशांतील आमचा न्याय्य वाटा आम्हाला मिळत नाही, आणि आमच्या जगण्याच्या रीतीला शहरातील लोक मान देत नाहीत. या तिहींना मिळून त्यांनी 'ग्रामीण जाणीव' असे नाव दिले.

येथे क्रेमर यांच्या शीर्षकातील शब्दाकडे लक्ष दिले पाहिजे. 'रिझेंटमेंट' याला मराठीत नेमका एक प्रतिशब्द नाही. 'सल' आणि 'आकस' यांच्या मध्ये कोठेतरी त्याचा अर्थ बसतो. मराठीची वाक्यरचना या बाबतीत उद्बोधक आहे. आपल्याकडे राग 'येतो'. ज्याला तो येतो त्याला चतुर्थीचा प्रत्यय लागतो, तो कर्ता राहत नाही. संताप 'होतो' किंवा 'अनावर होतो'. आकस मात्र 'धरावा' लागतो. तो धरणारा कर्ता असतो आणि तो कोणाविषयी तरी असतो. सल 'राहतो', आणि तो कोणत्या तरी झाल्या गोष्टीचा असतो. म्हणजे राग ही मनुष्यावर ओढवणारी अवस्था. आकसाला विषय हवा, सलाला कारण हवे. ज्याच्या मनात सल आहे त्याला 'तुझ्यावर कोणता अन्याय झाला?' असे विचारता येते व त्याचे उत्तर तपासताही येते. जो संतापाने बेभान आहे त्याला शांत करतात किंवा दूर ठेवतात. त्याच्याशी युक्तिवाद करीत नाहीत.

क्रेमर यांनी हे तपासण्याचे काम केले, हे त्यांच्या ग्रंथाचे बळ. दरडोई हिशेब पाहता ग्रामीण काउंट्यांना सरकारी पैसा सरसकट कमी मिळतो असे दिसत नाही, हे त्यांनी प्रांजळपणे नोंदवले. तरी म्हणून लोकांचे बोलणे त्यांनी खोटे ठरवून टाकले नाही. ते तसे का बोलतात याचा शोध चालू ठेवला. आर्ली हॉकशील्ड यांनी लुइझियानातील लेक चार्ल्स परिसरात केलेले 'स्ट्रेंजर्स इन देअर ओन लँड' (२०१६) हे संशोधनही याच जातीचे आहे. सुबत्तेच्या टेकडीकडे जाणाऱ्या रांगेत आपण दीर्घकाळ उभे आहोत आणि इतर लोक मध्येच घुसत आहेत, ही त्या लोकांची 'अंतःकथा' त्यांनी मांडली, व ती त्याच लोकांपुढे ठेवून पारखून घेतली.

४

शॅलर व वॉल्डमन यांनी 'सल' सोडून 'संताप' हा शब्द पत्करला. त्यांच्या शीर्षकाची घडण पाहण्याजोगी आहे : दोन विशेषणे व एक भाववाचक नाम. त्यात क्रियापद नाही, म्हणून काळ नाही. व्यक्तिवाचक पद नाही, म्हणून संख्या नाही. या शब्दसंहतीचे मराठी करू जाता अडचण लगेच प्रकट होते. 'गोऱ्या ग्रामीणांचा संताप' असे म्हणावे, तर षष्ठीचा प्रत्यय 'कोणाचा?' हा प्रश्न पुढे आणतो : सर्वांचा, बहुतेकांचा, की काहींचा? इंग्रजी रचनेत हा प्रश्न विचारावा लागत नाही, आणि ग्रंथातही तो पुरेसा विचारलेला नाही.

लेखकद्वयाचा आरोप चार कलमांचा आहे : वर्ण व परदेशी लोक यांविषयी द्वेष, कटकारस्थानांच्या कहाण्यांवर विश्वास, लोकशाहीविरोधी कल, आणि हिंसेचे समर्थन. प्रत्येक कलमाच्या पुष्ट्यर्थ त्यांनी पाहण्यांचे निष्कर्ष दिले आहेत. पाहणीत एखाद्या प्रतिकूल मताचे प्रमाण शहरापेक्षा ग्रामीण भागात काही टक्क्यांनी अधिक निघाले, की ते ग्रामीण गोऱ्यांचे लक्षण म्हणून पुढे येते. पण तुलनेने अधिक असणे म्हणजे बहुसंख्येचे असणे नव्हे. आणि बहुसंख्येचे असणे म्हणजे लक्षण असणेही नव्हे.

ही चूक इतकी सहज का घडते, याचे एक स्पष्टीकरण अर्थविचारात सापडते. तत्त्वज्ञ सारा-जेन लेस्ली यांनी परिमाणरहित सामान्यविधानांचा जो अभ्यास केला आहे, त्यातील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 'डास वेस्ट नाइलचा विषाणू पसरवतात' हे वाक्य आपण निःशंकपणे खरे मानतो. वास्तविक तो विषाणू वाहणाऱ्या डासांचे प्रमाण शंभरांत एकही भरत नाही. गुण जेव्हा भयावह असतो तेव्हा अगदी थोड्या व्यक्तींवरून तो सबंध वर्गाला चिकटवण्यास मन तयार होते. निरुपद्रवी गुणाच्या बाबतीत आपण इतके उदार नसतो. 'धोका' हा ज्या ग्रंथाच्या उपशीर्षकातीलच शब्द आहे, त्यात अशा विधानांची गर्दी व्हावी हे स्वाभाविक आहे. परंतु संशोधकाचे काम ही स्वाभाविक प्रवृत्ती आवरण्याचे आहे.

हिंसेचे कलम या दृष्टीने कसोटीचे. टायलर ऑस्टिन हार्पर यांनी 'द अटलांटिक' मासिकात २०२४ मध्ये या ग्रंथाचे कठोर परीक्षण केले. ज्यांच्या संशोधनाचा हवाला ग्रंथात दिला आहे त्या शिकागो विद्यापीठाच्या रॉबर्ट पेप यांना त्यांनी विचारले. ६ जानेवारी २०२१ रोजी कॅपिटॉलवर चालून गेलेल्यांविषयी पेप यांचा निष्कर्ष उलट दिशेचा होता : काउंटी जितकी अधिक ग्रामीण, तितके तेथून आलेल्या दंगेखोरांचे प्रमाण कमी. चार कलमांपैकी सर्वांत गंभीर कलमाची ही अवस्था असेल, तर 'संताप' या शब्दाचा आधारच डळमळीत होतो.

५

आता 'ग्रामीण' या विशेषणाकडे वळू. आपल्या शास्त्रपरंपरेत लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती व असंभव. अमेरिकेत 'ग्रामीण' या पदाची किमान दोन शासकीय लक्षणे आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. जनगणना विभागाने २०१० पर्यंत २,५०० लोकवस्तीचा उंबरठा मानला होता. २०२० मध्ये तो ५,००० लोक किंवा २,००० घरे असा केला. त्यामुळे अनेक छोटी नगरे, एक वीटही न हलता, शहरी यादीतून ग्रामीण यादीत आली. या नव्या व्याख्येप्रमाणे देशातील २० टक्के लोक ग्रामीण ठरतात. दुसरे लक्षण महानगरक्षेत्राचे : ५०,००० वा अधिक वस्तीचा गाभा असलेली काउंटी व तिच्याशी निगडित काउंट्या वगळून उरेल ते महानगराबाहेरचे. या मोजणीत काउंटी अख्खीच्या अख्खी आत वा बाहेर जाते. परिणाम असा की ॲरिझोनातील कोकोनिनो काउंटी फ्लॅगस्टाफ महानगरक्षेत्रात मोडते, आणि तिच्यातील ग्रँड कॅन्यनची दरीही त्याबरोबर महानगरात जाते.

एका व्याख्येने ग्रामीण असलेले लोक दुसऱ्या व्याख्येने मोठ्या संख्येने महानगरवासी ठरतात. अशा स्थितीत वेगवेगळ्या व्याख्यांवर आधारलेल्या पाहण्या एकाच विधानाखाली गोळा करणे म्हणजे पायली व मण यांची बेरीज करण्यासारखे आहे. शॅलर व वॉल्डमन यांनी हीच गोष्ट केली, हा हार्पर यांचा आक्षेप आम्हाला बिनतोड वाटतो. मराठी वाचकाने येथे आणखी एक सावधगिरी बाळगावी. 'ग्रामीण' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गावठाण, वेस व शिवार येते. अमेरिकेच्या मध्यभागातील शेतकरी कुटुंब पुष्कळदा आपल्या शेतातच, शेजाऱ्यापासून दूर राहते. आणि तेथील ग्रामीण रहिवाशांपैकी बहुतेक जण शेतकरी नाहीतच.

लक्षण सैल राहिले की प्रतिउदाहरणे आत शिरतात. २०२० च्या जनगणनेप्रमाणे देशातील सर्वाधिक ग्रामीण राज्य व्हरमॉन्ट होय. तेथील जवळजवळ ६५ टक्के लोक ग्रामीण आहेत आणि दहांपैकी सुमारे नऊ गोरे आहेत. हे राज्य १९९२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल देत आले आहे. उलटपक्षी ग्रामीण वर्चस्वाचे उदाहरण म्हणून ज्याचे नाव नेहमी घेतले जाते त्या वायोमिंगमध्ये जनगणनेच्या हिशेबाने बहुसंख्य लोक शहरी आहेत. 'गोरा' या विशेषणाची गतही वेगळी नाही. रिओ ग्रांदेच्या काठची टेक्ससमधील स्टार काउंटी जवळजवळ संपूर्णपणे हिस्पॅनिक वस्तीची. २०२४ मध्ये तिने रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवाराला बहुमत दिले, ते १८९२ नंतर प्रथमच. अव्याप्ती व अतिव्याप्ती असे दोन्ही दोष येथे एकत्र नांदतात.

येथे कोणी म्हणेल, राज्ये व काउंट्या यांची उदाहरणे देऊन आपणही स्थळावरून माणसांकडेच जात आहात. आक्षेप योग्य आहे. डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० साली दाखवलेला दोष तो हाच. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत, ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक तेथे साक्षरताही अधिक आढळत होती. पण व्यक्तिशः पाहता परदेशात जन्मलेले लोक अधिक निरक्षर होते. ते अधिक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून व्हरमॉन्टच्या उदाहरणाने ग्रामीण मतदारांचा एकूण कल खोटा ठरत नाही. 'गोरेपणा अधिक ग्रामीणता म्हणजे संताप' हे समीकरण मात्र त्याने मोडते, कारण समीकरणाला एक अपवादही पुरेसा असतो.

आपल्या आलंकारिकांनी लक्षणाशक्तीचे उदाहरण म्हणून 'मंच ओरडत आहेत' हे वाक्य दिले आहे. ओरडतात ती मंचावरील माणसे. 'कॅन्ससचे बिघडले', 'वायोमिंगने कौल दिला', किंवा विस्कॉन्सिनच्या गावकऱ्यांच्या तोंडचे 'मॅडिसन आमचा पैसा खाते' ही सर्व वाक्ये याच जातीची. बोलण्यात लक्षणा अटळ आहे. प्रमाणशास्त्रात मात्र मंचावर किती माणसे आहेत व त्यांतील किती जण ओरडत आहेत, हे सांगावे लागते. लॉस एंजेलिस या एका काउंटीने २०२० साली ट्रम्प यांना ११ लाखांहून अधिक मते दिली. सबंध वायोमिंग राज्याने दिली ती २ लाखांहूनही कमी. पहिला मंच शांत भासतो आणि दुसरा ओरडताना ऐकू येतो, तो केवळ प्रमाणाच्या फरकामुळे.

६

येथवरच्या विवेचनावरून शॅलर व वॉल्डमन यांचा ग्रंथ टाकाऊ आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांचा एक युक्तिवाद पक्का आहे, व तो संस्थांविषयीचा आहे. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची वस्ती ५,७६,८५१, तर कॅलिफोर्नियाची ३,९५,३८,२२३ होती. सिनेटमध्ये दोघांनाही दोनच जागा. एका मताचे वजन दुसऱ्याच्या सुमारे ६८ पट भरावे, ही विषमता कोणाच्या मनोवृत्तीवर अवलंबून नाही. जोनाथन रॉडन यांनी 'व्हाय सिटीज लूज' (२०१९) या ग्रंथात याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली : औद्योगिक काळापासून डावी मते शहरांत दाटीने एकवटली, आणि एकसदस्य मतदारसंघांत अशी दाटी वाया जाते. हे विवेचन करताना रॉडन यांना ग्रामीण माणसाच्या स्वभावाविषयी काहीही म्हणावे लागले नाही. संस्थात्मक अन्याय सिद्ध करण्यासाठी मानसिक आरोपाची गरज नव्हती; तो जोडल्याने युक्तिवादाचे बळ घटले.

दुसऱ्या बाजूचे प्रमुख प्रवक्ते निकोलस जेकब्स हे होत. त्यांनी डॅनियल शे यांच्यासह लिहिलेला 'द रूरल व्होटर' (२०२३) हा ग्रंथ दहा हजारांहून अधिक ग्रामीण मतदारांच्या पाहणीवर उभा आहे. जेकब्स यांचे म्हणणे असे की ग्रामीण मतदाराला बांधणारे सूत्र स्थळाविषयीच्या आत्मीयतेचे व समान भवितव्याच्या भावनेचे आहे. ते संतापाहून भिन्न आहे आणि त्याला 'संताप' म्हटल्याने ते दिसेनासे होते. पुराव्याच्या दृष्टीने ही बाजू आम्हाला अधिक सरस वाटते. परंतु तिच्यातही एक अनुत्तरित जागा आहे. 'द रूरल व्होटर' हे शीर्षकही एकवचनी सामान्यनामच आहे. त्यातही लक्षावधी माणसे एका माणसाच्या रूपात उभी केली आहेत. आणि 'स्थळ' हा शब्द दिसतो तितका निरागस नाही. विस्कॉन्सिनमधील बहुसंख्य कृष्णवर्णीय लोक मिलवॉकी शहरात राहतात. अशा राज्यात कोणी 'मिलवॉकीचे लोक कष्ट न करता खातात' असे म्हटले, तर ते विधान स्थळाविषयी की वर्णाविषयी? अभिधेने स्थळ, लक्षणेने वर्ण. मॅडिसनविषयीचा आकस मुख्यतः गोऱ्या सरकारी नोकरांवर व प्राध्यापकांवर रोखलेला असतो. तेथे ही लक्षणा लागू पडत नाही. एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही वाक्ये असू शकतात. क्रेमर यांनी ही गुंतागुंत मान्य केली आहे. त्यांच्या नंतरच्या पाहणीकारांनी तिला पुरेसा वाव दिलेला नाही.

याला पारिभाषिक गोंधळाचीही जोड आहे. डॉनल्ड किंडर व लिन सँडर्स यांनी १९९६ साली 'वर्णविषयक रिझेंटमेंट' ही संज्ञा रूढ केली, आणि कृष्णवर्णीयांच्या कष्टाळूपणाविषयीच्या व त्यांना मिळणाऱ्या लाभांविषयीच्या विधानांना दिलेल्या संमतीवरून ती मोजली. वीस वर्षांनी क्रेमर यांनी तोच शब्द स्थळाच्या संदर्भात वापरला. पहिल्या परंपरेत तो शब्द पूर्वग्रहाचे नाव आहे. दुसऱ्या परंपरेत तो अन्यायाच्या भावनेचे नाव आहे. एका पक्षाने 'रिझेंटमेंट' लिहिले की दुसरा पक्ष आपल्या परंपरेतील अर्थ वाचतो, आणि दोघांनाही आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटते.

७

निष्कर्ष पुढीलप्रमाणे मांडता येतील. ग्रामीण मतदारांचा रिपब्लिकन पक्षाकडील कल खरा आहे व तो वाढता आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेने विरळ वस्तीच्या राज्यांना दिलेले अधिक वजन हेही खरे आहे. या दोन सत्य विधानांच्या मध्ये 'गोरा ग्रामीण संताप' हे जे तिसरे पद बसवले गेले, ते लक्षणदोषांनी ग्रस्त आहे व पुराव्याने पुरेसे सिद्ध झालेले नाही. मात्र ते काढून टाकून त्याच्या जागी 'ग्रामीण आत्मीयता' हे तितकेच सरसकट पद बसवल्यानेही काम भागणार नाही. कोण, किती, कोठे, कोणाविषयी व कशाबद्दल, या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या वाक्यात नाहीत ते वाक्य कोणत्याही पक्षाचे असो, संशोधनाचे नव्हे.

हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नव्हे. लोकशाहीत नागरिकाचे म्हणणे दोन रीतींनी फेटाळता येते. ते चूक आहे असे दाखवून फेटाळले, तर त्याच्याशी युक्तिवाद केला असे होते. क्रेमर यांनी सरकारी पैशाचा हिशेब मांडला तेव्हा त्यांनी ग्रामीण माणसाला हा मान दिला. त्याचे म्हणणे हे म्हणणेच नव्हे, विकार आहे, असे ठरवून फेटाळले, तर हिशेब मांडण्याची गरजच उरत नाही. आणि मग जे गाऱ्हाणे तपासाअंती खोटे ठरले असते त्यालाही खऱ्याची प्रतिष्ठा मिळते, कारण ते कोणी तपासलेच नाही. ग्रामीण वक्ता 'मॅडिसन' किंवा 'मिलवॉकी' म्हणतो तेव्हा तोही शहरवासीयांच्या बाबतीत हेच करीत असतो. त्याचे उत्तर त्याच रीतीने देणे हे विद्यापीठाचे काम नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांनी समाजगटांविषयी लिहिताना सामान्यनाम योजण्यापूर्वी त्याची व्याप्ती निश्चित करावी. विशेषण योजण्यापूर्वी त्याचा पुरावा हाती असावा. आणि भावनेचे नाव योजण्यापूर्वी, ते नाव दिल्याने ऐकण्याचा मार्ग मोकळा होतो की बंद होतो, याचा विचार करावा.